थापी, बिल्ले आणि गटप्रमुखाची खुर्ची

कागद फेकायचा म्हटला तर दहा ठिकाणी विचारावं लागतं. किस्सा मात्र कुणाला न विचारता येऊन बसतो. त्याला ना आवक नंबर, ना जावक नंबर, ना त्याची कधी मुदत संपते. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. आमच्या रेकॉर्डवाल्यांचे तर इतके साठलेत, की डोक्यातली फळी वाकायला लागली. म्हटलं, थोडे उतरवून ठेवू.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधायचे, फळीवर चढवायचे आणि साहेबांनी मागितले की उतरवायचे. शाळेत मी गेलो नाही. घर थेरगावला. तेव्हा तिथे नुसती शेतं. नदी ओलांडून सायकलवर यायचो. अक्षरं शिकलो ती फायलींच्या पाठीवरून. त्यामुळे 'खर्च', 'तक्रार' आणि 'प्रलंबित' हे शब्द मला आजही झटक्यात वाचता येतात. बाकीचे जरा सावकाश.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. पिंपरीपासून भोसरीपर्यंत कारखाने उठत होते. प्रत्येक कारखान्यात एक अंधारी खोली, खोलीत जुने कागद आणि कागदांत बसलेला एक रेकॉर्ड कीपर. या सगळ्यांनी मिळून एक मंडळ काढलं. मंडळात एक संग्रह गट. मंडळाचा अध्यक्ष कोण ते कुणाला धड आठवत नसे, पण संग्रह गटाच्या प्रमुखपदावर सगळ्यांचा डोळा!

त्याला कारण होतं. आमच्या कारखान्याने मंडळाला एक जुनी शेड वापरायला दिली होती. निरनिराळ्या कंपन्यांतलं जुनं सामान, नकाशे, फोटो, फायली सगळं त्या शेडमध्ये आणून ठेवलेलं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय भंगारात घालायचं, ते ठरायचं गटप्रमुखाच्या एका सहीवर. शेतात आम्ही तण काढतो तशी ही कागदांची निंदणी. फरक एवढाच, की शेतात तण कोणतं यावर भांडणं होत नाहीत.

पहिले गटप्रमुख रिटायर होऊन गावाला गेले आणि खुर्ची रिकामी झाली. उमेदवार उभे राहिले तीन. चिंचवडच्या कंपनीतले बापट साहेब. मंडळाचे बहुतेक नियम त्यांनीच लिहिलेले. पिंपरी कॅम्पातले लालवानी. बोलायला गोड, नव्या गोष्टींची भारी हौस. आणि देहूरोडचा शिवराम रणपिसे. आमच्याच कारखान्यातला, माझा साहेब, पण वयाने लहान म्हणून मला तात्या म्हणायचा. बाकीच्यांचा मी सोपानराव.

* * *

आधी नावाचा किस्सा.

त्या काळी कारखान्यात ज्याचं कुठेच जमत नसे, त्याला रेकॉर्डमध्ये पाठवत. "रेकॉर्डला टाकला" म्हणायचे, विहिरीत टाकल्यासारखं! बापट साहेबांना हे फार लागायचं. एका बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून आपण रेकॉर्ड कीपर नाही. आपण अभिलेखपाल!"

लालवानी म्हणाले, "नाव तो अच्छा आहे साहेब. पण खोली तीच, ना? बॉयलरच्या बाजूची?"

बापट साहेबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी पेंटरकडून पाटी रंगवून दारावर ठोकली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गेटवरचा वॉचमन त्यांना खाडकन सॅल्यूट मारायला लागला. गडी फौजेतून आलेला. त्याने मनाशी ताडलं होतं, राज्यपाल, अभिलेखपाल, हुद्दा मोठाच असणार! बापट साहेब सायकलवरून यायचे ते गेटच्या दहा पावलं अलीकडे उतरून चालत यायला लागले. सॅल्यूट नीट घेता यावा म्हणून.

मग एक दिवस त्यांचा हमाल आला नाही. कागद तातडीने दुसऱ्या इमारतीत न्यायचे होते. बापट साहेबांनी गठ्ठा डोक्यावर घेतला आणि निघाले भर दुपारी गेटसमोरून. बघणारे म्हणाले, संपला आता सॅल्यूट!

वॉचमनने पाहिलं. टाचा जुळवल्या आणि आधीपेक्षा जोरात सॅल्यूट ठोकला. शेजाऱ्याला म्हणाला, "माणूस बघा! एवढा राज्यपालाच्या बरोबरीचा, पण ओझं स्वतः वाहतो! नाहीतर आमचा फोरमन. जेवणाचा डबासुद्धा दुसऱ्याला धरायला देतो!"

बापट साहेबांनी त्याच आठवड्यात उमेदवारी जाहीर केली.

* * *

रणपिसे का उभा राहिला, ते मात्र फक्त मला आधी कळलं.

कारखान्याला ती शेड परत हवी होती. कामगारांच्या स्कूटरी वाढल्या, त्यांना स्टँड पाहिजे. ॲडमिन ऑफिसर सांगून गेले, "नवा गटप्रमुख निवडा, निंदणीच्या कागदावर सही करा आणि शेड मोकळी करा. जे ठेवायचं ते एका कपाटात मावलं पाहिजे."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं शेडच्या सावलीला भाकरी खात बसलो होतो. रणपिसेचं लक्ष भाकरीत नव्हतं. त्याने आतून एक पत्र्याची ट्रंक ओढून आणली आणि उघडली. आत नुसते बिल्ले. गोल, पत्र्याचे, एकेक भोक पाडलेलं आणि वर नंबर ठोकलेला.

कारखाना बांधताना जे रोजंदारीवर होते त्यांचे ते बिल्ले. सकाळी गेटवर घ्यायचा, दोरीने गळ्यात घालायचा, संध्याकाळी परत द्यायचा. नाव कुठेही लिहिलेलं नाही. माणूस म्हणजे नंबर. काम संपलं, माणसं पांगली, बिल्ले ट्रंकेत पडले.

रणपिसेने त्यातला एक काढला आणि अंगठ्याने पुसला. एकशे बारा.

"आईचा," म्हणाला. "लहानपणी मी तिच्या गळ्यातला हा वाजवायचो."

"काय काम करायच्या आई?"

"घमेलं. पाया खणायला होती. तात्या, आपण बसलोय ना, हाच तो पाया."

मी जरा सरकून बसलो. उगाच. मग विचारलं, "फोटो हाय का त्यांचा?"

"नाही. कुठे काढणार?"

"मग घिऊन जा की ह्यो बिल्ला घरला. कोन बघतंय? आन् कोन इचारतंय?"

रणपिसेने बिल्ला परत ट्रंकेत ठेवला. म्हणाला, "आईचा मी नेईन तात्या. बाकीच्यांच्या आयांचे कोण नेणार?"

तो गटप्रमुख झाला तर ट्रंक राहणार. दुसरा कुणी झाला तर भंगार. एवढंच त्याचं राजकारण.

आणि प्रचार कसा? मत मागायला भोसरीला गेला, दिवस मोडून परत आला. मी विचारलं, "मागितलं का मत?"

कपाळावर हात मारून म्हणाला, "विसरलो हो तात्या! पण त्यांच्या तळाच्या फळीला वाळवी लागलीय, ते सांगून आलो."

* * *

निवडणूक म्हटली की नियम पाहिजेत. नियम होते. मंडळाच्या घटनेत होते. घटना कुठे होती? तिथेच तर किस्सा!

घटना हरवली नव्हती. अभिलेखपालांच्या हातून कागद हरवत नसतो. ती व्यवस्थित ठेवलेली होती. कुठे, एवढंच सापडत नव्हतं.

बापट साहेब म्हणाले, "विषयवार लावलेली असणार. 'नियम' खाली बघा." नव्हती.

लालवानी म्हणाले, "मी तर सगळं तारखेने लावतो. स्थापनेची तारीख काढा." तारीख काढायला घटना हवी होती. घटनेतच लिहिलेली ना!

रणपिसे म्हणाला, "ज्याने लिहिली त्याच्या नावाखाली बघू." लिहिली होती या तिघांनीच मिळून, आणि तिघांनीही ती आपापल्या पद्धतीने लावून ठेवली होती. म्हणजे एकाने ठेवलेली दुसऱ्याने हलवली, दुसऱ्याची तिसऱ्याने. मी शिडीवर चढून उतरून पायाचे गोळे दुखवून घेतले.

शेवटी नवी घटना लिहायचं ठरलं. लिहून झाली, सह्या झाल्या. आणि बापट साहेबांनी हळूच विचारलं, "आता ही कुठे ठेवायची?"

सगळे तज्ज्ञ एकमेकांकडे बघतायत.

लालवानी म्हणाले, "माझ्या घरी द्या. मिसेसकडे. तिच्या हातून काही हरवत नाही."

तेव्हापासून नियमावरून वाद झाला, की मी सायकल काढून पिंपरी कॅम्पात जायचो. लालवानी वहिनी पापडाच्या डब्याखाली हात घालायच्या आणि घटना काढून द्यायच्या. मला वर एक पापडही मिळायचा. मंडळाने पुढे वर्गीकरणावर दोन व्याख्यानं ठेवली, पण वहिनींना कुणी बोलावलं नाही.

* * *

लालवानींना वाटायचं, आपण काहीतरी नवं दाखवलं की मतं आपोआप येतील. त्यांनी कुठूनसं मायक्रोफिल्मचं यंत्र एका दिवसापुरतं आणलं. रविवारची बैठक, सगळे जमलेले, भिंतीला पांढरी चादर लावली.

"बघा!" लालवानी म्हणाले. "एक खोली भरून कागद या एवढ्याशा रिळात! शेडच लागणार नाही! स्कूटर स्टँड करा, बॅडमिंटन खेळा!"

खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. यंत्र सुरू झालं, चादरीवर अक्षरं उमटली. सगळ्यांनी "वाऽ" केलं. रणपिसेचाही चेहरा खुलला. एवढ्यात वीज गेली.

दुष्काळानंतरचे दिवस, वीज केव्हा जाईल नेम नसायचा. अंधारात सगळे बसून राहिले. लालवानी यंत्राला थापट्या मारतायत.

बापट साहेबांचा आवाज आला, शांत, समाधानी. "लालवानी, म्हणून मी सांगत होतो. वीज असो नसो, कागद तो कागदच."

लालवानी अंधारातूनच ओरडले, "मग घ्या ना हातात! वाचून दाखवा!"

कुणीतरी घोंगडी काढायला उठलं ते बापट साहेबांच्या पायावर पडलं. बैठक बरखास्त.

* * *

चाकणला तेव्हा कारखाने कुठले! कांद्याचा बाजार आणि चार वखारी. तिथे एका छोट्या वर्कशॉपचे रेकॉर्ड बघणारे काळे नावाचे सभासद होते. मालकाचा कांद्याचाही धंदा, त्यामुळे एकाच वखारीत इकडे कांदा आणि तिकडे फायली. काळ्यांनी मत कुणालाच कबूल केलेलं नव्हतं. मग काय, तिन्ही उमेदवार एसटीने चाकणच्या वाऱ्या करायला लागले.

पहिले बापट साहेब. वखारीत बसून तासभर फायली चाळल्या. परत आले ते डोळे लालभडक, नाक पुसतायत. बातमी पसरली. "बापटांना कागदांची अवस्था बघवली नाही हो! काय ती कळकळ!"

लालवानींनी ते ऐकलं. दुसऱ्या रविवारी तेही गेले. तेही डोळे पुसत आले. फक्त त्यांच्या खांद्यावर कांद्याचं पोतंही होतं. म्हणाले, "गेलोच होतो, तर मिसेसने सांगितलं घेऊन या."

तिसरा रणपिसे. त्याच्याही डोळ्यांतून धारा. मी विचारलं तर सरळ म्हणाला, "कांदा हो तात्या. बसवत नाही तिथे." हे त्याने चारचौघांत सांगितलं आणि त्याच्या कळकळीबद्दल लोकांना शंका यायला लागली!

पुढच्या बैठकीला काळे आले. लोकांनी घेरलं. "मग काळे, मत कुणाला?"

काळे बिचारे खरंच पेचात. म्हणाले, "काय सांगू राव! तिघंही माझ्या कागदांपाशी बसून ढसाढसा रडून गेले. आमचा मालक दिवाळं निघालं तेव्हासुद्धा इतका रडला नव्हता!"

* * *

निवडणुकीच्या आधीच्या बैठकीत एकदाची ट्रंक निघाली.

कपाटात काय ठेवायचं यावर चर्चा चालली होती. बापट साहेबांनी यादी वाचली. पहिले नकाशे, संचालकांचे फोटो, उद्घाटनाचं भाषण. रणपिसे उठला. "साहेब, बिल्ल्यांची ट्रंक राहिली."

"ती राहिली नाही. ती वगळलीय," बापट साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, शिकवल्यासारखं बोलायचे. "अभिलेखाला तारीख लागते, सही लागते, मजकूर लागतो. बिल्ल्यावर काय आहे?"

"नंबर आहे."

"नंबर बैलगाडीलाही असतो, रणपिसे."

दोघंतिघं हसले. रणपिसे हसला नाही, चिडलाही नाही. खाली बसणार, एवढ्यात त्याचं लक्ष टेबलावर गेलं. टेबलावर मखमलीच्या पेटीत एक चांदीची थापी होती. कुठल्याशा कारखान्याची कोनशिला बसवताना मंत्र्यांनी वापरलेली. बापट साहेबांनी स्वतः ती वर्ग 'अ' मध्ये घातली होती. वर्ग 'अ' म्हणजे कायम जतन, कधीच फेकायचं नाही.

"साहेब," रणपिसे म्हणाला, "या थापीवर तारीख आहे?"

"नाही."

"सही? मजकूर?"

बापट साहेबांनी चष्मा सारखा केला. "थापीची गोष्ट वेगळी. तिला मंत्र्यांचा हात लागलाय."

"एकदाच लागला, साहेब," रणपिसे म्हणाला आणि खाली बसला.

लालवानींनी घाईने "चहा मागवा रे" म्हटलं. बापट साहेबांनी पेटीचं झाकण लावलं आणि ट्रंक यादीबाहेरच राहिली.

* * *

आता शेवटचा. मला विचाराल तर हाच खरा.

निवडणूक रविवारी सकाळी आमच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. कोण येणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. बापट! काळेसुद्धा मला दारात म्हणाले होते, "रणपिसे गुणी आहे हो, पण नियम बापटांनाच पाठ." लालवानी तर सकाळीच बापट साहेबांचा हात हातात घेऊन अभिनंदन करून मोकळे झाले होते. रणपिसे धुतलेला शर्ट घालून आला होता आणि ट्रंकेपाशी उभा होता. ट्रंक आधीच शेडमधून आणून दाराशी ठेवलेली, ट्रकची वाट बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगाराचा ट्रक यायचा होता.

सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, घडी घातली, एका खोक्यात टाकल्या. आता मोजणार, तेवढ्यात कॅन्टीनवाला चहा-भजी घेऊन आला.

गरम भजी! पण बापट साहेब म्हणजे बापट साहेब. "कागद असे उघड्यावर टाकून चहाला बसायचं नाही," म्हणाले. "सोपानराव, रुमालात बांधा."

आमच्याकडे रुमाल म्हणजे कागद बांधायचं लाल चौकोनी फडकं. मी चिठ्ठ्या त्यात घेतल्या, गाठ मारली. प्रत्येक रुमालाला वर विषय आणि वर्ग लिहिलेली चिठ्ठी लावायची रीत. ती लावली. "विषय सांगा साहेब," मी म्हटलं.

"विषय, गुप्त मतदान."

"वर्ग?"

बापट साहेबांच्या तोंडात भजं होतं. सवयीने बोलून गेले, "गुप्त म्हणजे गोपनीय. लिहा. आणि लाखेचं सील करा."

रणपिसेने माझ्यासाठी लाख वितळवून दिली. मी सील केलं, वहीत नोंद झाली. मग सगळ्यांनी निवांत चहा घेतला.

चहा झाल्यावर मी सील फोडायला सुरी घेतली. रणपिसे हळू आवाजात म्हणाला, "थांबा तात्या."

सगळे बघायला लागले.

"बापट साहेब," तो म्हणाला, "गोपनीय रुमाल उघडायला गटप्रमुखांची सही लागते ना?"

बापट साहेबांनी कप खाली ठेवला. नियम त्यांचाच. त्यांनीच लिहिलेला, त्यांनीच सगळ्यांकडून पास करून घेतलेला.

"लागते," ते म्हणाले.

"मग सही कुणाची घेऊ?"

"गटप्रमुखांची."

"कोण आहेत?"

बापट साहेबांनी रुमालाकडे बोट दाखवलं. मग बोट तसंच हवेत राहिलं.

लालवानींनी कपाळ बडवून घेतलं. "अरे फोडा ना राव! आपलीच चिठ्ठी, आपलाच रुमाल, आपणच बसलोय!"

"नाही," बापट साहेब म्हणाले. चेहरा उतरला होता, पण आवाज पक्का. "नियम मोडून बसवलेला प्रमुख मला चालणार नाही. तो मी असलो तरी."

"मंग आता काय करायचं?" मी विचारलं.

"फळीवर ठेवा."

मी ठेवला.

सोमवारी सकाळी भंगाराचा ट्रक आला. बरोबर ॲडमिन ऑफिसर, हातात निंदणीचा कागद. बापट साहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. लालवानीही आले, म्हणाले नुसतं बघायला. रणपिसे ट्रंकेवर हात ठेवून उभा.

ऑफिसर सरळ बापट साहेबांकडे गेले. "अभिनंदन! तुम्हीच ना हेड? ऐकलं मी. करा इथे सही, ट्रक खोळंबलाय."

बापट साहेबांनी कागद घेतला. खिशातून पेन काढलं, टोपण काढलं. मी त्यांचा हात बघत होतो. माणसाची वर्षानुवर्षांची इच्छा आणि समोर कुणी आपणहून हेड म्हणतंय. नुसतं नाव लिहायचं! खोलीतलं कुणी नाही म्हणालं नसतं. रणपिसेसुद्धा नाही.

त्यांनी दाराकडे पाहिलं. ट्रंकेकडे पाहिलं की ट्रककडे, ते मला सांगता येणार नाही. टोपण परत लावलं.

"गटप्रमुख कोण, ते गोपनीय आहे, साहेब."

ऑफिसरला वाटलं थट्टा. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत असतं तर ते गोपनीय कसलं?"

"मग ते उघडा आणि बघा!"

"उघडायला गटप्रमुखांची सही लागते."

"आणि गटप्रमुख कोण?"

"तेच तर गोपनीय आहे."

ऑफिसरने लालवानींकडे पाहिलं. लालवानींनी छताकडे. माझ्याकडे पाहिलं तर मी म्हटलं, "व्हय साहेब. नियमच हाय तसा. कॅम्पातनं आणून दाखवू का?"

बाहेरून ड्रायव्हर ओरडला, "साहेब, भरायचं काय?"

"हवा भर!" ऑफिसर म्हणाले आणि कागद फडफडवत निघून गेले. ट्रक तसाच रिकामा, पत्रे वाजवत गेटबाहेर गेला.

मग बापट साहेबांनी आपली पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि ट्रंकेपाशी थांबले.

"सोपानराव," ते म्हणाले, "या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाका."

मी म्हटलं, "साहेब, पत्र्याला कुठली कसर लागतीय?"

"अभिलेखात टाकतात," बापट साहेब म्हणाले. "टाका."